पहिलं पॅराग्लायडर घेताना साइज कशी ठरवायची? (वजन ५३ किलो, बजेट बेताचं)

सांजवारा
नमस्कार मंडळी. कामशेतला पी-वन, पी-टू (सुरुवातीचे कोर्स) झालं, आता स्वतःचं ग्लायडर घ्यायचं डोक्यात आहे. नवं परवडणार नाही, म्हणून सेकंडहँड बघतेय. माझं वजन ५३ किलो, उंची पाच फूट एक इंच. एक ईएन-ए (युरोपीय टेस्टमधला सगळ्यात सौम्य वर्ग) ग्लायडर बऱ्याच कमी किमतीत मिळतंय. साइज एम, वेट रेंज ८०–१००. विकणारे म्हणतात, "तू हलकी आहेस, म्हणजे जास्त वेळ वर राहशील. शिवाय मोठी विंग म्हणजे सेफ." कोर्समध्येही मला एस-एम जे मोकळं असेल ते मिळायचं आणि मी उडायचेच की. मग साइजने खरंच एवढा फरक पडतो का? दुसरा प्रश्न, ए घ्यावं की सरळ लो-बी (पुढच्या बी वर्गातलं सौम्य)?

घारपंखी
एम घेऊ नका. किंमत निम्मी केली तरी नाही.

आता कारण. वेट रेंज म्हणजे तुमचं अंगाचं वजन नव्हे, ऑल-अप वजन. तुम्ही, कपडे, बूट, हेल्मेट, हार्नेस (बसायची सीट), रिझर्व्ह (संकटकाळचं पॅराशूट), रेडिओ, पाणी आणि स्वतः ग्लायडर, असं जे जे जमिनीवरून उचललं जातं ते सगळं. नवशिक्यांच्या फोम किंवा एअरबॅगवाल्या हार्नेसचे चार-पाच किलो, रिझर्व्हचे दीड-दोन, छोट्या साइजच्या विंगचे साधारण साडेचार, बाकी किरकोळ. तुमचं ऑल-अप ६८–७० च्या आसपास येईल. ८० च्या खाली ती विंग कशी वागते, हे टेस्टमध्ये कुणी तपासलेलंच नाही. तुमच्यापुरतं ते ईएन-ए नाहीच.

सोपा उपाय म्हणजे पूर्ण बॅग भरा, बूट घाला, बॅग पाठीवर घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभ्या राहा. येईल तो आकडा धरून ग्लायडर शोधा. अंदाज करू नका, लोक सर्रास पाच-सहा किलो कमी धरतात.

तिकोना
सहमत. कोर्समध्ये उडालात ते ट्रेनिंग हिलवर, सकाळच्या गुळगुळीत वाऱ्यात, खाली रेडिओवर कुणीतरी असताना. तिथे काहीही उडतं. मोठ्या भावाचा शर्ट बाह्या दुमडून घालता येतो, विंगचं तसं नसतं.

आकडेमोड्या
विकणारा अर्धं खरं बोलतोय, म्हणून जरा आकडेमोड. (आयडीला जागलं पाहिजे.)

धरू की एम साइजचं क्षेत्रफळ २७ चौ.मी. आहे. मधल्या वजनाला, म्हणजे ९० किलोला, दर चौ.मी. ३.३३ किलो भार पडतो. सांजवारा ६९ किलोने उडाल्या तर २.५६. वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ९० किलोला हात वर असताना (ब्रेक न ओढता) विंग ताशी ३७ किमी जात असेल, तर ६९ किलोला जेमतेम साडेबत्तीस जाईल. खाली येण्याचा वेगही त्याच प्रमाणात घटतो, सेकंदाला १.१ मीटरऐवजी साधारण ०.९६. म्हणजे "जास्त वेळ वर राहशील" हे शांत हवेत बरोबर आहे.

आता समोरून २५ किमीचा वारा धरा. ९० किलोवाला १२ किमीने पुढे सरकतोय, तुम्ही साडेसातने. वारा ३२ ला गेला की तो अजून पाचने पुढे जातोय आणि तुम्ही जागच्या जागी लटकलेल्या. आणखी थोडा वाढला की उलट्या सरकत डोंगराच्या मागे, रोटरमध्ये (तिथल्या घुसळणाऱ्या हवेत). उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा कसा चढत जातो हे कामशेतवाल्यांना मी सांगायला नको.

हवेच्या मानाने ग्लाइड रेशो (एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो) मात्र तोच राहतो. वजन वाढलं की विंग त्याच उतारावरून जास्त वेगाने घसरते, एवढंच.

सांजवारा
बापरे. साडेसात किमी म्हणजे चालण्याचाच वेग की. पण मग मोठी विंग सेफ, असं सगळेच का म्हणतात?

घारपंखी
कारण त्यातही तथ्य आहे. भार कमी असेल तर कोलॅप्स झाल्यावर (विंगचा भाग मिटल्यावर) सगळं सावकाश घडतं, विंग झेप कमी घेते, फिरते कमी. पण मुळात कोलॅप्स व्हायची शक्यताच वाढते. भार कमी म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे सेलमधला (विंगच्या कप्प्यांतला) हवेचा दाब कमी, कापड मऊ, ब्रेकच्या दोऱ्या ढिल्या. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) शिरताना विंग मागे राहते, हाताला नीट काही सांगतच नाही. उलट रेंजच्या वर उडालात तर विंग टणक आणि चपळ होते, पण एकदा कोलॅप्स झाली की तुम्हाला चांगलंच फिरवते आणि लँडिंगला पळायला लावते. म्हणून पहिल्या विंगवर रेंजचा मधला भाग. पुढे-मागे थर्मल करायला लागलात की मध्याच्या थोडं वर.

आणि लँडिंगनंतरचं कुणी बोलत नाही. एखाद्या झुळकीने विंग पुन्हा भरली की २७ चौ.मी. आणि २२ चौ.मी. यांच्या ओढीत जवळजवळ पावपट फरक पडतो. ५३ किलोच्या माणसाला २७ वाली करवंदीच्या जाळीतून फरफटत नेते. टेक-ऑफला विंग वर घेतानाही तेच, पाय जमिनीवरून आधी सुटतात आणि विंग डोक्यावर नंतर येते.

हवापाणी
साइजबद्दल मान्य. पण ए कशाला? एका सीझनमध्ये कंटाळा येतो, मग विकताना नुकसान. सरळ लो-बी घ्या, तीन-चार वर्षं बघायला नको. आजकालचे लो-बी पूर्वीच्या ए पेक्षा सेफ आहेत.

म्युनिककर
हवापाणी, पूर्वीच्या ए शी तुलना करून आजचा ए बाद कसा होतो? आजचा ए सुद्धा पुढे गेलाच आहे. बोलेरो, मोजो, प्रायॉन, अल्फा ही सगळी ए मधलीच घराणी, आणि इकडे आल्प्समध्ये त्यांच्यावर लोक आरामात क्रॉस कंट्री करताना दिसतात. ईएनच्या व्याख्येतही ए म्हणजे 'सर्व पायलटांसाठी, शिकाऊंसह'. फक्त शिकाऊंसाठी असं कुठेच म्हटलेलं नाही. बी ला 'कदाचित शिकाऊंनाही चालेल' इतपतच सूट आहे. शिवाय लो-बी आणि हाय-बी हे वर्ग मानकात नाहीतच, ते बाजाराने पाडलेत. बी चा पट्टा एवढा रुंद आहे की त्याचं एक टोक ए ला चिकटलेलं आणि दुसरं सी ला.

एक मुद्दा निसटतोय. सर्टिफिकेट मॉडेलला मिळत नाही, प्रत्येक साइजला वेगळं मिळतं. टेस्ट पायलट प्रत्येक साइज तिच्या किमान आणि कमाल अशा दोन्ही वजनांना उडवतो. एकाच मॉडेलचा एम ए मध्ये आणि सगळ्यात छोटी साइज बी मध्ये, असंही होऊ शकतं. त्यामुळे "हे मॉडेल ए आहे" यावर थांबू नका, तुमच्या साइजचा रिपोर्ट बघा. स्वित्झर्लंडमधल्या विलनव्हच्या एअर टर्क्वाजचे रिपोर्ट आणि जर्मन संघटना डीएचव्हीचा डेटाबेस, दोन्ही इंटरनेटवर खुले आहेत.

आकडेमोड्या
छोटी साइज चपळ का होते, त्याचं कारण मजेशीर आहे. विंगखाली आपण लंबकासारखे लटकतो. मोठ्या साइजच्या लाइन (विंगच्या दोऱ्या) ७.२ मीटर धरल्या, तर तोच आराखडा २७ वरून २२ चौ.मी.ला आणताना लाइन साडेसहा मीटरवर येतात. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणजे हेलकावा पाचेक टक्क्यांनी झटपट. थर्मल काही तुमच्यासाठी लहान होत नाही. म्हणून डिझायनर छोट्या साइजला मुद्दाम भार कमी ठेवतात. समजा २२ चौ.मी.ची विंग आहे, रेंज ५५–७५. मध्याला २.९५ किलो भार पडतो, एम ला ३.३३ होता. सांजवारांच्या ६९ किलोला ३.१४, म्हणजे मध्याच्या जरा वर. वेग ताशी ३६ च्या आसपास. अगदी ठीक.

अवांतर: जाहिरातीतलं क्षेत्रफळ कोणतं दिलंय ते बघा. जमिनीवर पसरून मोजलेलं (फ्लॅट) २७ असेल तर हवेत कमानीत वाकल्यावरचं (प्रोजेक्टेड) २३ च्या आसपास भरतं. एकाचं फ्लॅट आणि दुसऱ्याचं प्रोजेक्टेड घेऊन तुलना करणारे महाभाग पाहिलेत.

हवापाणी
बरं, पण ए म्हणजे नेमकं वेगळं काय करतात? कापड तेच, लाइन त्याच. मला तर सेल कमी, म्हणून शिलाई कमी, म्हणून स्वस्त, एवढंच दिसतं. :)

घारपंखी
मुख्य फरक ॲस्पेक्ट रेशोचा, म्हणजे पंख किती लांब आणि किती निमुळता. फ्लॅट मोजमापात ए ला तो साधारण ४.५ ते ५ असतो, स्पर्धेच्या विंगला ७ च्या वर. तेच २७ चौ.मी. घ्या. ४.७ ला विंगची लांबी सव्वाअकरा मीटर, ७.५ ला सव्वाचौदा. एका बाजूचं टोक मिटलं तर मध्यापासून लांब असलेलं टोक तुम्हाला जोरात वळवतं, आणि लांब निमुळतं टोक लाइनमध्ये अडकून क्रॅव्हॅट व्हायचीही भीती जास्त. आखूड, रुंद पंखात दोन्ही कमी. टेस्टमध्ये ७०–७५ टक्के बाजू मिटवतात, तेव्हा ए ने पायलटने काहीही न करता ९० अंश वळायच्या आत उघडायचं असतं.

प्रोफाइल जाड ठेवतात, म्हणजे हवा थोडी वरून-खालून आली तरी विंग चालवून घेते. कमान जास्त देतात, टोकं बाहेरच्या बाजूला ओढून धरतात आणि मधलं कापड ताणलेलं राहतं, बदल्यात थोडा ग्लाइड जातो. लाइनच्या ए, बी, सी अशा तीन रांगा ठेवतात (ही अक्षरं रांगांची, वर्गांची नव्हेत). लाइन कमी केल्या की हवेचा अडथळा कमी होतो, म्हणून वरच्या वर्गात दोनच रांगा. आता सी वर्गातही टू-लायनर आल्यात. नवशिक्याला तो नाद नको. नाकाशी पूर्वी मायलरचे तुकडे शिवायचे, आता प्लास्टिकच्या बारीक काड्या असतात. त्यामुळे सेलची तोंडं उघडी राहतात आणि विंग वाऱ्याशिवायही पटकन भरते. पॅक करताना त्या काड्या एकावर एक नीट लावून घडी घाला, वाकल्या की टेक-ऑफला एका बाजूने विंग आळशीपणा करते.

आणि ब्रेकची लांबी! स्टॉल व्हायच्या (विंग उडायची थांबायच्या) आधी हात किती खाली आणता येतो ती. ए साठी कमाल वजन ८० पर्यंतच्या साइजला किमान ५५ सेंमी लागते, ८० ते १०० ला ६०, त्यापुढे ६५. घाबरून दोन्ही ब्रेक ओढणारा नवशिका या सेंटिमीटरांच्या जोरावर वाचतो. सांजवारा, तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पाच फूट एक इंचाच्या माणसाचे हात तेवढेच लांब. एम साइजवर तुम्ही फ्लेअरला (उतरताना शेवटचा ब्रेक ओढताना) हात पूर्ण खाली नेलेत तरी पुरेसा ब्रेक बसेलच असं नाही.

हवापाणी
हे ब्रेकचं पटलं. बाकी कंटाळ्यावर मी ठाम आहे. =))

ढगफुटी
मी पण हलकाच आहे, ५६ किलो. बॅलास्ट घेऊन उडालं तर? दहा लिटर पाण्याची पिशवी हार्नेसमध्ये टाकली की दहा किलो झाले. छोट्या साइज सेकंडहँडमध्ये सापडतच नाहीत हो, सगळीकडे एम आणि एल.

म्युनिककर
छोट्या साइज सापडत नाहीत हे अगदी खरं. कंपन्या आधी मधल्या साइज बाजारात आणतात, कारण प्रत्येक साइजच्या टेस्टचा खर्च वेगळा आणि छोट्याला गिऱ्हाईक कमी. त्यात युरोपातला सरासरी पायलट आपल्यापेक्षा वजनदार. इथल्या मुलींचीही हीच तक्रार असते.

घारपंखी
बॅलास्ट अनुभवी लोक वापरतात, दोन-चार किलोंची कसर भरायला. सांजवारांना नुसतं रेंजच्या तळाला टेकायलाच ११ किलो लागतील. ५३ किलोच्या अंगावर १६ किलोचं सामान आधीच आहे, त्यावर हे ११. अर्ध्या वजनाचं ओझं घेऊन टेक-ऑफला पळायचं, लँडिंगला गुडघ्यांनी सोसायचं. नको. ढगफुटी, तुम्ही रेंजच्या आत असाल आणि फक्त मध्याला यायचं असेल तर वेगळी गोष्ट. तरी पाणीच घ्या, दगड-वाळू नको. पाणी उतरण्याआधी सोडून देता येतं.

तिकोना
पुढच्या वर्षी हिमाचलात बीरला जायचा विचार असेल तर हेही धरा. बिलिंगचा टेक-ऑफ २४०० मीटरच्या आसपास. तिथे हवा इतकी विरळ की तीच विंग समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के जास्त वेगाने उडते. टेक-ऑफला जास्त पळावं लागतं. म्हणून काही जण "बीरसाठी मोठी साइज घे" असा सल्ला देतात. ऐकू नका. वसंतातले तिथले थर्मल बघितले की कमी भाराच्या विंगवर बसायची इच्छा होणार नाही.

सांजवारा
एम बाद. :) आता ५५–७५ किंवा त्याच्या आसपासचं शोधतेय. एका ठिकाणी एस आहे, पण त्याची रेंज ६५–८५. दुसरीकडे नुसतं "२४" लिहिलंय. आणि सेकंडहँड बघताना मी नक्की काय तपासायचं? कापडावर हात फिरवून मला काय कळणार!

तिकोना
अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीचा एस म्हणजे दुसरीचा एक्सएस. ॲडव्हान्ससारख्या कंपन्या अक्षरं देतच नाहीत, २२, २४, २६ असे आकडे देतात. विकणाऱ्याला सरळ लेबलचा फोटो मागा. मधल्या सेलच्या आत किंवा पंखाच्या टोकाला छापील पट्टी असते, तिच्यावर मॉडेल, साइज, सिरियल नंबर, ईएन वर्ग आणि वेट रेंज सगळं असतं. बऱ्याच लेबलांवर तपासणीच्या तारखांनाही जागा असते. ती कोरी असेल तर तेवढे पैसे किमतीतून तोडून मागा. ६५–८५ मध्ये तुम्ही ६९ ला तळाशी येता. सर्टिफाइड आहे, पण पहिली पसंती नाही.

कापड हाताने नाही कळत. पोरोसिटी मीटरने मोजतात, ठराविक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते. उन्हाने कापड मरतं, त्यामुळे नुसते तास विचारू नका, दिवसभर टेक-ऑफला पसरून ठेवायची सवय होती का तेही विचारा. पावसाळ्यात कुठे ठेवलं होतं ते विचारा. मावळातल्या चार महिन्यांच्या दमटपणात बॅगेत दाबून ठेवलेल्या विंगचा वास बॅग उघडताच येतो.

घारपंखी
लाइनचं ट्रिम (त्यांच्या लांब्यांचा मेळ) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या ए लाइनवर सतत ताण असतो, मागच्या सी आणि ब्रेकच्या लाइनवर कमी. डायनिमाच्या लाइन ताण नसला की वर्षागणिक थोड्या थोड्या आखडतात. मागचं आखडलं की विंगचं नाक वर होतं, वेग कमी होतो, आणि टोकाच्या परिस्थितीत ती उडण्याऐवजी पॅराशूटसारखी सरळ खाली बसू लागते. हलक्या पायलटला हे आधी जाणवतं, कारण त्याचा वेग आधीच कमी. लेझरने एकेक लाइन मोजून मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडतात आणि लूप टाकून पुन्हा जुळवतात. शंभर तास किंवा दोन वर्षं, जे आधी होईल तेव्हा हे करायचं, असं बहुतेक मॅन्युअल सांगतात. आपल्याकडे सेकंडहँड विंगचं ते झालेलं असणं हाच अपवाद. लाइनवर बोटं फिरवून बघा, वरचं आवरण सोलून आतला पांढरा धागा दिसत असेल तर ती लाइन बदलायचीच.

ढगफुटी
वाखूसा (वाचनखूण साठवली). जाता जाता, हार्नेसचीही साइज असते का? आमच्याकडे सगळ्यांना एकच देतात.

सांजवारा
हो, हे मलाही विचारायचं होतं. टेक-ऑफनंतर मला सीटमध्ये नीट बसताच येत नाही. कमरेखालचा पट्टा काचतो आणि मी अर्धी उभीच राहते. रेडिओवरून "बस, बस" ओरडतात.

घारपंखी
तो हार्नेस तुम्हाला मोठा आहे. विंगची साइज वजनावर, हार्नेसची मुख्यतः उंचीवर. मोठ्या हार्नेसमध्ये सीटची कड मांडीच्या मध्याऐवजी गुडघ्यापाशी येते, मग माणूस एका हाताने सीट ढकलायला ब्रेक सोडतो, तेही डोंगराला लागून असताना. तसं कधीच करू नका. आधी डोंगरापासून लांब या, दोन्ही ब्रेक एका हातात घ्या, मग बसा.

घेण्यापूर्वी हार्नेस दोन्ही कॅराबिनरला लटकवून किमान दहा मिनिटं त्यात बसून बघा. बहुतेक स्कूलमध्ये त्यासाठी लोखंडी चौकट असते, नाहीतर झोपाळ्याच्या कड्या चालतात. उभ्या स्थितीतून गुडघे वर घेतल्यावर हात न लावता सीटमध्ये सरकता आलं पाहिजे. रिझर्व्हच्या हँडलला हात पोचतो का बघा, डोळे मिटूनही. चेस्ट स्ट्रॅप विंगच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढ्या रुंदीला ठेवा. आणि रिझर्व्हसुद्धा वजनाप्रमाणेच असतो. १२० किलोचा रिझर्व्ह ७० किलोच्या माणसाला मिळाला तर तो उघडायला वेळ घेतो आणि खाली येताना झुलतो, तेव्हा त्याचंही लेबल बघून घ्या.

सांजवारा
काट्यावर उभी राहिले. स्कूलचा हार्नेस, रिझर्व्ह आणि एस साइजची विंग धरून ७०.४ भरले. "२४" वाल्याने लेबलचा फोटो पाठवलाय, रेंज ६०–८०, ईएन-ए. तपासणीची जागा कोरी. ट्रिम करून द्याल का विचारलंय, उत्तराची वाट बघतेय.

म्युनिककर
७० म्हणजे बरोब्बर मध्य. सिरियल नंबर कंपनीला मेल करून बनवल्याचं वर्षही विचारून घ्या, सहसा सांगतात.